रताळ्याचा कीस

"बाई, मी बसू का आत?"

दारात आनसामावशी उभी होती. एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात चौकटीवर. डायलिसिस विभागाच्या बाहेरच्या खोलीत आम्ही पथ्याच्या वर्गासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. फळ्यावर आहारतज्ज्ञ टिपणीस मॅडमनी केळं, बटाटा, नारळ अशी चित्रं काढली होती. पेशंटच्या घरची माणसं सरकून सरकून बसत होती, आणि मी दारात उभी राहून एकेकाला आत सोडत होते.

"तुमची वैजयंता बसलीय की आत," मी म्हणाले.

"बसलीया. मी बी बसतो म्हणलं मागं कुठंतरी."

"मावशी, एका घरातलं एकच माणूस. घरी जे स्वयंपाक करतं, ते. नियमच आहे तसा. आता सून करते ना स्वयंपाक?"

"व्हय. तीच करतीया."

"मग झालं तर!"

मावशीनं मान हलवली. "बरं बाई," म्हणाली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. मी दार लोटून घेतलं. बाहेरच्या गलक्यात मॅडमचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

हा नियम माझाच होता, आणि मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! मी तेव्हा त्या विभागाची इन्चार्ज. मगदूम सिस्टर म्हटलं की हाताखालच्या पोरी मोबाईल खिशात घालायच्या. तालुक्याच्या गावातलं ट्रस्टचं हॉस्पिटल, मशीन मोजकी, पेशंट मशीनच्या दुप्पट-तिप्पट. तोंडाचा पट्टा चालू ठेवल्याशिवाय तिथं काम निघायचं नाही. आधी काय व्हायचं, बुधवारच्या पेशंटचे नातेवाईक पथ्य सांगायला बोलावले की मुलगा यायचा, जावई यायचा, एखादा चुलतभाऊ पांढरे कपडे घालून यायचा. मान हलवून ऐकायचे आणि चहा पिऊन जायचे. घरी फोडणी घालणाऱ्या बाईच्या कानावर त्यातलं काही जायचं नाही. म्हणून मी म्हटलं, जी चुलीपाशी उभी राहते तिलाच आणा, आणि तिला एकटीलाच आणा, म्हणजे पुरुष मध्ये बोलणार नाहीत. डॉक्टर हेर्लेकरांनी भर मीटिंगमध्ये वाहवा केली माझी.

आणि त्या नियमानं पहिल्यांदा बाहेर कुणाला बसवलं, तर आनसामावशीला. जिच्यामुळं हा वर्ग सुरू झाला, तिलाच.

तिचा नवरा केरबा खोत. आम्ही मामा म्हणायचो. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला यायचे. जन्मभर गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून राबलेले. कढईतला रस नुसता बघून "उतरवा" म्हणायचं, एवढंच काम, पण ते चुकलं की अख्खी कढई वाया जायची. मूत्रपिंडं गेली तेव्हा मामा म्हणाले होते, "दुसऱ्यांची कढई सांभाळली बाई, आपली करपली." असं बोलणारा माणूस. सुई टोचताना सगळे तोंड फिरवतात, मामा मात्र टक लावून बघायचे आणि नीट लागली की म्हणायचे, "झ्याक."

मावशी दर वेळी बरोबर असायची. एसटीनं यायची दोघं. मामा मशीनला लागले की ती बाहेर पायरीवर बसायची, आणि सुटले की पिशवीतून डबा काढायची. कुणी हात लावलेला चालायचा नाही तिला. भाकरीचा तुकडा मोडून, कालवणात बुडवून, त्यांच्या हातात द्यायची. एका हाताला पट्टी बांधलेली असायची ना! आम्ही चिडवायचो, "मामा, दुसरा हात धडधाकट आहे की तुमचा!" तर मामा म्हणायचे, "असू दे. तिला बी काम पायजे."

मग महाशिवरात्र आली.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गावातल्या कुणाच्या तरी टेंपोत घालून आणलं. पाय उचलत नव्हते. जीभ जड झालेली. नाडी बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रक्तात पोटॅशियम इतकं चढलेलं की काळीज कधी थांबेल नेम नाही. मूत्रपिंड धड असलेल्या माणसाला रताळं, बटाटा, केळं, शेंगदाणा काही करत नाही. ज्याची मूत्रपिंडंच गेलीत त्याच्या अंगात ते पोटॅशियम साठतं, आणि उपवासाच्या ताटात नेमकं तेच सगळं. इंजेक्शनं दिली, दुसऱ्या पेशंटला उठवून मशीन मोकळं केलं. डॉक्टर हेर्लेकर स्वतः खाटेपाशी उभे. मामा वाचले. पण थोडक्यात वाचले.

डॉक्टर बाहेर आले ते घामानं निथळत. मावशी भिंतीला टेकून उभी, शेजारी तिचा मुलगा सर्जेराव आणि सून वैजयंता.

"काल काय खायला घातलंत यांना?"

"उपास हुता सायेब. रताळ्याचा कीस, वरी, शेंगदाण्याची आमटी... दोन केळी. त्यास्नी कीस लई आवडतोय..."

"अहो, मारायचं होतं का त्यांना? विष घातलंत तुम्ही, विष!"

डॉक्टर तसे भले माणूस. पण घाबरलेले होते. घाबरलेला माणूस ओरडतो. मावशीचा चेहरा असा पडला की बघवेना. सर्जेराव आईकडं बघतच राहिला. फौंड्रीत काम करणारा आडदांड गडी, तिथंच ढसाढसा रडला. "आजपासनं चुलीजवळ फिरकायचं न्हाई आये तू," म्हणाला. "आण्णांचं ताट वैजयंता करंल."

मी तिथंच होते. हातात ट्रे घेऊन. मान खाली घालून मी ट्रेमधल्या बाटल्या सारख्या करत राहिले.

कारण मावशीनं विचारलं होतं. शिवरात्रीच्या आधीच्या पाळीला, मामांना मशीनवरून काढत असताना, ती दारातून डोकावली होती. "बाई, शिवरात्र आलीया. उपास केला तर चालंल न्हवं त्यास्नी?" माझ्या एका हातात कापसाचा बोळा दाबलेला, पलीकडच्या मशीनची घंटा वाजतेय, एक पोरगी रजेवर. मी मान वर न करता म्हणाले, "चालेल की मावशी! उपवासाचं हलकंच असतं. मीठ तेवढं कमी घाला."

हलकंच असतं! नर्सिंगची इतकी वर्षं पाठीशी, आणि मी हे बोलले. माहीत नव्हतं असंही नाही. परीक्षेत लिहिलं होतं मी, पोटॅशियम कशाकशात असतं ते. पण परीक्षेत केळं होतं, नारळपाणी होतं. उपवासाचं ताट नव्हतं. माझ्या डोक्यात उपवास म्हणजे कमी खाणं, आणि कमी खाणं म्हणजे पेशंटला बरंच. आपल्याकडं सगळ्यांच्याच डोक्यात तसं असतं.

आठवड्याभरात आमची बैठक झाली. डॉक्टर, मी आणि आहारतज्ज्ञ टिपणीस मॅडम असे तिघं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसलो. खरं सांगते, त्याआधी आम्ही तिघांनी एकत्र कधी चहासुद्धा घेतला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं मॅडम सांगतात पथ्याचं." मॅडम कडाडल्या, "मी कोल्हापूरहून बुधवारी येते. हे पेशंट सोमवार-गुरुवारचे. मी त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही! सिस्टर सांगत असतील असं मी धरून चालले." मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"नातेवाइकांना माहिती नव्हती," मी म्हणाले.

तेवढंच. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. "त्यांनी विचारलं होतं आणि मी चालेल म्हणाले होते," एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. उलट मीच पुढं होऊन वर्गाची कल्पना मांडली, नियम मांडला, सणाच्या आधी पंधरवडाभर उपवासाचं पथ्य सांगायचं ठरवलं. मॅडमचा वार बदलून गुरुवार करून घेतला. सगळं उत्साहानं, अगदी पदर खोचून. चूक पोटात ठेवून माणूस किती झपाट्यानं काम करतो, ते मला तेव्हा कळलं.

आणि त्या वर्गाच्या दारातून मी आनसामावशीला परत पाठवलं.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी आत आले. मामांचं मशीन चालू होतं. नेहमी गप्पा मारणारा माणूस छताकडं बघत पडलेला.

"काय मामा, आज झ्याक नाही?"

"झ्याक हाय की."

"मग तोंड का असं? सून चांगलं करत नाही का जेवण?"

"सून चांगली हाय. पथ्याचं करती, येळंवर देती. तिला काय नाव ठिवायचं?" मामांनी आवाज खाली आणला. "पर मी ताटावर बसलो की आनसा उठून मागल्या दाराला जाऊन बसतीया. पोरानं सांगितलंय तिला, आण्णांच्या ताटाला हात लावू नगंस. घास तोंडात फिरतोय बाई नुसता."

"सांगा की मग सर्जेरावांना. त्या माउलीनं काही मुद्दाम केलं नाही."

मामांनी मान वळवली. टक लावून बघितलं, सुई टोचताना बघायचे तसं.

"त्येला कसं सांगू? त्यो इचारंल, आये तू कुणाला इचारलं हुतंस का? मग नाव घ्यावं लागंल."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"तुमीच म्हणलासा न्हवं बाई, चालंल म्हणून. मी हितंच पडलो हुतो की. ऐकलं मी."

मशीन आपलं चालू होतं. मामांच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलले असते. माझं तोंड काही कमी नाही. पण राग नव्हता.

"मी म्हणलं आनसाला, पोराला खरं सांगू या. तर ती म्हणली, नगा. बाईंचं नाव घेऊ नगा. पोरगं तापट हाय, तितं जाऊन भांडंल. बाई रागावल्या तर तुमाला कोण बघंल? त्यांच्याच हातात तुमची सुई हाय." मामा परत छताकडं बघू लागले. "बरुबर हाय तिचं. मी काय मनात धरून न्हाई. तुमी इचारलंसा म्हणून बोललो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी तिथून निघाले आणि औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मी रागावेन म्हणून! मी सुई नीट टोचणार नाही म्हणून ती बाई स्वतःच्या पोराच्या शिव्या खात होती, आणि मी तिला म्हणाले होते, नियमच आहे तसा.

खिडकीतून पायरी दिसत होती. मावशी बसलेली होती. पिशवी मांडीवर. आता त्या पिशवीत डबा नव्हता, डबा वैजयंताकडं होता. पण पिशवी ती आणत होती. सवयीनं आणत असेल.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं ओकून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"सिस्टर, खरं सांगू? मलाही विचारलं होतं त्यांनी. राउंडला. मी म्हणालो, सिस्टरना विचारा."

"तुम्ही तिला सगळ्यांसमोर विष म्हणालात, सर."

"म्हणालो." त्यांनी चष्मा चढवला. "ट्रस्टचे लोक ऐकतील तर म्हणतील, कशाला उकरून काढता. पेशंट बरा आहे ना, मग मिटलं."

"मिटलं नाही सर. ती बाई मागल्या दाराला बसते."

पुढच्या गुरुवारी वर्गाला मी निरोप धाडून सर्जेरावला बोलावून घेतलं. एका घरातलं एकच माणूस हा नियम त्या दिवशी मीच मोडला. आणि दारात येऊन आनसामावशीला म्हणाले, "आत चला."

"नगं बाई. हितं बरं हाय. वारं लागतंय."

"चला म्हणते ना!"

मी तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या कडेला अशी टेकली, जणू कुणी उठवणारच आहे. खोली भरलेली. मॅडम फळ्यापाशी. डॉक्टर दाराशी उभे. दरडावायची सवय मला, कबूल करायची नव्हती.

"मागच्या वेळी मॅडमनी सांगितलं ना, एका पेशंटला उपवासाचं बाधलं म्हणून?" मी म्हणाले. "ते आमचे केरबामामा. त्यांना ते खायला घातलं त्यांच्या बायकोनं. पण त्या आधी विचारायला आल्या होत्या. मला विचारलं त्यांनी. मी म्हणाले, चालेल. हातातलं काम न सोडता, त्यांच्याकडं न बघता म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी माझं ऐकलं, एवढंच. चूक माझी."

मावशी खाली बघून पदराचं टोक पिळत होती. "ऱ्हाऊ द्या की बाई," पुटपुटत होती, "कशाला, ऱ्हाऊ द्या."

सर्जेराव उठला. "आनि मग इतकं दिस गप बसलासा व्हय? माझ्या आयेला चुलीवरनं उठवलं मी! माझ्या आयेला!" तो माझ्या अंगावर धावून येतोय की काय, असं वाटलं. यावं, असंही वाटलं. डॉक्टर पुढं झाले.

"मलाही विचारलं होतं तुमच्या आईनं," ते म्हणाले. "मी टोलवलं. आणि वर त्यांनाच बोललो. मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी जो शब्द वापरला, तो मी परत घेतो."

सर्जेराव तसाच उभा राहिला. मग आईच्या खुर्चीपाशी खाली बसला, मोठ्या माणसानं बसावं तसा नव्हे, पोरासारखा फतकल मारून. वैजयंता मागून उठून आली, डब्याची पिशवी सासूच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आत्ती, आजपासनं तुमीच द्या आण्णांस्नी."

त्या दिवशी मशीन सुटल्यावर मावशीनं परत घास मोडून दिला. मामा जेवले. विभागातल्या पोरी डोळे पुसत होत्या आणि मी त्यांच्यावर खेकसत होते, कामं नाहीत का म्हणून. मला वाटलं, फिटलं. देवा, उशिरा का होईना, फिटलं.

त्यानंतर बरंच बदललं आमच्याकडं. एका घरातलं एकच हा नियम मी काढून टाकला. कितीही माणसं या म्हटलं, खुर्च्या नसतील तर सतरंजी आहे. नवा एकच नियम केला: पथ्याचं कुणी विचारलं तर हातातलं काम संपवून, त्या माणसासमोर बसून उत्तर द्यायचं. येत नसेल तर "विचारून सांगते" म्हणायचं आणि खरंच विचारायचं. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं आणि मशीनवाली पोरं बसायचो, एकेका पेशंटबद्दल बोलायचो. पुढच्या शिवरात्रीला आमच्याकडं एकाही पेशंटला तसं आणावं लागलं नाही. बाहेरून लोक बघायला येऊ लागले. कुणी पाहुणे आले की मी त्यांना आनसामावशी दाखवायचे.

कारण मावशी दर पाळीला डबा घेऊन आधी माझ्याकडं यायची. झाकण काढायची, माझ्यापुढं धरायची. "बघा बाई, चालंल न्हवं?" मी बघायचे. दुधी, भात, पाण्यात उकळून पाणी फेकून दिलेली भाजी. सगळं बरोबर असायचं. "शाब्बास मावशी!" म्हणायचे मी, आणि पाहुण्यांना सांगायचे, "बघा, किती शिकलीय आमची मावशी!"

एकदा तिनं झाकण काढलं तर आत नुसती भाकरी होती. ज्वारीची भाकरी आणि वर चिमूटभर चटणी.

"बघा बाई. चालंल न्हवं?"

"अहो मावशी, भाकरी आहे ही! भाकरी रोज खातात मामा. ती काय विचारायची गोष्ट आहे? तुम्हाला सगळं येतं आता. मला नका विचारत जाऊ."

"इचारलेलं बरं असतंय बाई." ती झाकण लावत म्हणाली. "तवा बी इचारलंच हुतं की मी. पर तवा तुमी घाईत हुतासा. आता निवांत बघून सांगतासा."

तिला मला टोचायचं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर तसलं काहीच नव्हतं. ती डबा पिशवीत घालून मामांच्या खाटेकडं गेली. मी ज्याला शिकणं समजत होते, ती भीती होती. जन्मभर त्या माणसाला जेवू घातलेली बाई, तिला त्याच्या भाकरीची भीती वाटत होती. चूल मी तिला परत मिळवून दिली होती. हात परत देता आला नाही.

पुढं मामा होते तोवर ती एकही डबा मला दाखवल्याशिवाय मामांपुढं उघडायची नाही. मी सुट्टीवर असले तर पोरी सांगायच्या, "सिस्टर, मावशीनं डबा आम्हाला दाखवला. पण मामांना देण्याआधी तुम्ही कधी येणार ते दोनदा विचारलं तिनं." मी सुट्ट्या घेणं कमी केलं. दुसरं काय करणार होते?

मामा गेले ते खाण्यातल्या कशानं नव्हे. घरीच गेले, सकाळी अंघोळीला उठताना, काळीज थकलं होतं त्यांचं. रक्षाविसर्जनाला मी आणि डॉक्टर त्यांच्या गावी गेलो. घर माणसांनी भरलेलं. पुरुष अंगणात, नदीवर जायच्या तयारीत. सर्जेरावानं आम्हाला हात जोडले, आत नेलं. तो माझ्याशी नीट बोलायचा आता. मनातून काय, ते तोच जाणे.

स्वयंपाकघरात भावकीतल्या बायका नैवेद्याची तयारी करत होत्या. मामांना जे जे आवडायचं ते सगळं पानावर वाढायचं होतं. गूळ होता, भजी होती. वैजयंता मला बघून जवळ आली. हळूच म्हणाली, "सिस्टर, बरं झालं आलासा. आत्तींनी बाकीचं सगळं आमाला करू दिलं. ह्ये एक तेवढं कुणाला हात लावू देईनात. केलंय, पर वाढू बी देईनात. मघाधरनं दाराकडं बघाय लागल्यात."

चुलीपुढं आनसामावशी बसली होती. पुढ्यात कढई. कढईत रताळ्याचा कीस. तुपावर परतलेला, जिरं, मिरची, दाण्याचं कूट घातलेला. अजून वाफ येत होती.

मी तिच्याजवळ टेकले. तिनं कढई उचलली, दोन्ही हातांनी, आणि माझ्यापुढं धरली.

"बघा बाई," ती म्हणाली. "आता चालंल न्हवं?"

मी लगेच "चालेल की मावशी" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"घाई नगं बाई. नीट बघून सांगा."

मी पदरानं डोळे पुसले. कढई तिच्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली आणि वाकून नीट बघितलं. मग म्हणाले, "चालेल, मावशी. पोटभर वाढा त्यांना."